मामाने भट्टी घासली

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू ड्रॉवरमध्ये जपून ठेवतोस, तेव्हा आता पत्रच. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीस आणि स्वतःच्या कानाला हात लावू देत नाहीस. काय म्हणायचं तुला!

मी सुखरूप पोचले. संस्थेने खोली बरी दिली आहे. खिडकीखाली सायकली लावायची जागा आणि एक गळका नळ, एवढीच काय ती सोबत. महिनाभर मातीची भांडी करायला शिकवायचं आणि शेवटी सगळ्यांना घेऊन आपल्या शेडमध्ये भट्टी लावायची, असं ठरलंय. विद्यार्थी चांगले मोठे आहेत. एक नर्सबाई, एक दंतवैद्य, एक निवृत्त पोस्टमास्तर, शिवाय दोघी बहिणी आहेत, त्या सारख्या भांडतात.

गाडी सुटताना तू विचारलंस, "सोड्याच्या भट्टीत तू नक्की करतेस तरी काय?" वर्गात पहिल्या दिवशी सांगितलं तेच तुला सांगते. एरवी आपण भांड्याला बाहेरून झिलई लावतो आणि मग भाजतो. इथे बाहेरून काहीच लावायचं नाही. भट्टी इतकी तापवायची की आत डोकावलं तर भांडं कुठलं आणि जाळ कुठला ते कळू नये. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवायचा आणि झाडांना औषध मारायच्या पंपाने भट्टीच्या भोकांतून आत फवारायचा. त्याची तिथल्या तिथे वाफ होते. ती जाळाबरोबर भट्टीभर हिंडते आणि मातीतल्या वाळूला जाऊन मिळते, दोघांची मिळून काच होते. म्हणजे भांड्याची झिलई भांड्याच्या अंगातूनच निघते! आतल्या पोकळीत मात्र वाफ नीट जात नाही, म्हणून आतून आधीच झिलई द्यायची.

नर्सबाई म्हणाल्या, "मग आपल्या हातात उरलं काय?" मी म्हटलं, "भांडं कुठे ठेवायचं आणि कधी थांबायचं, एवढंच." छान वाटलं ना ऐकायला? मलाही वाटलं. पण मामा, तुला खरं सांगते, कारण आईला सांगितलं तर ती रात्रभर जागेल. माझ्या गेल्या वर्षभराच्या सगळ्या भट्ट्या एकसारख्या निघाल्यात. सगळीकडे तोच जाड, हिरवट, तेलकट तुकतुकीतपणा. सुरुवातीला जे रंग यायचे, ते कुठे गेले कुणास ठाऊक. माती तीच, माप तेच, हात तेच. मला वाटतं माझा हातगुण संपला. टाइल्सच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. विजेची भट्टी, हजार टाइल्स, हजारही सारख्या. विद्यार्थ्यांची ही भट्टी तशीच निघाली तर मी तिकडे जाणार आणि आपली भट्टी पाडून विटा विकणार. हे फक्त तुला माहीत आहे.

शेडवर लक्ष ठेव. किल्ली तुझ्याकडेच आहे.

तुझी भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र चष्मा पुसून पुसून वाचलं. शाब्बास! सोडा आणि वाळू मिळून काच होते हे मला या वयात कळलं, आणि तेही भाचीकडून. घड्याळाच्या काचा मी हजारोंनी बसवल्या, पण काच म्हणजे काय हे एकदाही विचारलं नाही. तुझ्या मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "वाफेला कळतं तरी कुठे जायचं ते, तुम्हाला बाजारात पाठवलं तर कोथिंबीर सोडून सगळं आणता."

आता कारखान्याबद्दल. मी तुला जा म्हणणार नाही आणि जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण हातगुण संपला म्हणतेस ते मला पटत नाही. घड्याळ मागे पडायला लागलं की गिऱ्हाईक म्हणतं, "जुनं झालं, टाकून देतो." आणि उघडून बघावं तर नुसता कचरा अडकलेला असतो.

रोज सकाळी शेड उघडून तासभर बसतो. परवा तुझ्या चाकावर बसलो. हसू नकोस. पहिले तीन गोळे भिंतीवर गेले, चौथ्याचा पेला झाला, पाचव्याची बरणी झाली. झाकणही केलं. पहिलं झाकण म्हणजे नाकापेक्षा मोती जड, ते मोडलं. दुसरं असं बसलंय की घड्याळाची मागची टोपी बसावी. टक् असा आवाज येतो! मामीला तिथे नेऊन ऐकवला. ती म्हणाली, "याला बरे चालतात कान." तुझ्या भट्टीत जागा मिळेल का माझ्या बरणीला?

आणि एक विचारायचं होतं. सोड्याची वाफ सगळ्यांवर काच चढवते, तर मग भट्टीत भांडी ठेवायच्या त्या विटेसारख्या फळ्यांवर का नाही चढवत? भांडी फळ्यांना चिकटून कशी बसत नाहीत?

तुझा मामा

१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चाकावर बसलास! आणि पाचव्या गोळ्यात बरणी! माझी पहिली बरणी व्हायला दोन महिने लागले होते, हे कुणाला सांगू नकोस. जागा मिळेल म्हणजे काय, मानाची जागा मिळेल.

तू विचारलंस तेच आज पोस्टमास्तरांनी विचारलं. वाफ फळ्यांनाही सोडत नाही. म्हणून फळ्यांना आधी एक पांढरा लेप द्यायचा, त्याला सोडा धरत नाही. शिवाय प्रत्येक भांड्याच्या बुडाखाली तसल्याच पांढऱ्या मातीच्या छोट्या गोळ्या ठेवायच्या, म्हणजे भांडं फळीवर टेकत नाही, गोळ्यांवर उभं राहतं. झाकणाखालीसुद्धा तीन गोळ्या, नाहीतर झाकण जन्मभरासाठी बरणीचं होतं. दंतवैद्याच्या गोळ्या बघायला हव्या होत्यास. एकूण एक सारख्या, मी सगळ्या वर्गाला दाखवल्या.

मग शेजार शिकवला. मामा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. वाफ जाळाबरोबर वाहते, त्यामुळे जाळाकडची बाजू चकाकते आणि आडोशाची बाजू कोरडी राहते. दोन भांडी जवळ ठेवली तर एकाचा आडोसा दुसऱ्याला होतो, आणि शेजाऱ्याची सावली त्याच्या अंगावर कायमची उमटते. काढल्यावर कळतं, कोण कुणाच्या शेजारी होतं ते. त्या दोघी बहिणींनी हे ऐकलं आणि भांडण विसरून आपापले लोटे एकमेकींना चिकटवून बघायला लागल्या. मी म्हटलं, "चिकटवू नका बायांनो, बोटभर अंतर ठेवा, नाहीतर कायमच्या जोडल्या जाल."

शिकवताना बरं वाटतं रे. त्यांचे डोळे मोठे होतात तेव्हा मलाही पहिल्यासारखं वाटतं. रात्री खोलीवर आले की मात्र मागच्या भट्टीतला तो तेलकट हिरवा आठवतो. कारखान्याच्या साहेबांनी भट्टी निघेपर्यंत थांबतो म्हणून कळवलंय.

एक काम करशील? कोपऱ्यात फळ्या रचून ठेवल्यात, त्यांच्यावरचे काचेचे डाग छिन्नीने खरवडून नवा लेप लावून ठेव. लेपाचा डबा खिडकीत आहे. तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय छिन्नी उचलायची नाही.

तुझी भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

काम फत्ते! फळ्या दोन दिवसांत झाल्या. मास्क लावला होता, मामी साक्षीला आहे.

पण फळ्या ठेवायला म्हणून भट्टीचं दार उघडलं आणि बाई गं, आतली दशा बघून मला भोवळच आली. भिंतींवर हा एवढा काचेचा थर, हिरवा, तपकिरी, ओघळलेला. कमानीला थेंब लोंबतायत. तुला वेळ मिळत नाही हे मला दिसतं, मी काही बोलत नाही. पण चाळीस वर्षं मी ज्या यंत्राला हात लावला ते आधी स्वच्छ केलं आणि मगच पुढे गेलो. छिन्नी हातात होतीच. रोज सकाळी आत बसून एकेक वीट मोकळी केली. सगळा थर काही निघत नाही, विटांच्या अंगात मुरलाय, पण जेवढा निघाला तेवढा काढला, आणि दोन घमेली काच बाहेर टाकली. लेप उरला होता, तो भिंतींना आणि कमानीलाही लावून टाकला. आता तिथे सोड्याची हिंमत नाही व्हायची! मग सगळी शेड धुतली. फरशीत तोंड दिसेल.

मामी म्हणते, "घरचं पातेलं घासायला सांगितलं की यांची कंबर धरते, आणि तिकडे आख्खी भट्टी घासून आले." म्हणू दे. तू आलीस की दार उघड आणि बघ. नव्या नवरीसारखी दिसतेय तुझी भट्टी.

बरणी वाळली, कुंभाराकडून एकदा हलकी भाजूनही आणली. आतून झिलई तू दे.

तुझा मामा

३ मार्च

मामा,

काय केलंस हे?

फळ्या म्हणाले होते मी. फळ्या. ती काच म्हणजे घाण नव्हती. नऊ वर्षांच्या भट्ट्यांचा सोडा होता तो. भिंती दर वेळी सोडा पितात, आणि पुढच्या वेळी तापल्या की थोडा परत सोडतात. माझं माप, माझा अंदाज, सगळं त्या भिंती धरून आहे. आता ही भट्टी कशी वागेल मला ठाऊक नाही. माणसं आपापली भांडी घेऊन येणार आहेत. नर्सबाईंनी रात्रपाळ्या करून, दिवसा वर्गात बसून आठ वाट्या केल्यात. त्यांना काय सांगू, की माझ्या मामाला चैन पडत नव्हतं?

आणि माझं तर शेवटचंच होतं हे. तुला सांगितलं होतं मी. फक्त तुला.

किल्ली समोरच्या शिंपीणबाईंकडे दे. भट्टी लागेल तेव्हा तू शेडमध्ये नको. मला तुझ्यावर तिथे सगळ्यांसमोर ओरडायचं नाही.

भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरी,

किल्ली दिली.

तुझं म्हणणं बरोबर आहे. विचारायला हवं होतं. दुसऱ्याचं यंत्र मालकाला न विचारता उघडायचं नाही, हे मी माझ्या हाताखालच्यांना शिकवत आलो आणि स्वतः तेच केलं. मामी दोन दिवस "अति तेथे माती" एवढंच म्हणत होती, आता माझ्या आवडीची भाजी करून वाढते. ते जास्त जड जातं.

आम्ही लेकीकडे जाऊन राहतोय, म्हणजे तुला मी रस्त्यातही दिसणार नाही. पत्ता मागे लिहिलाय. माझी बरणी मांडणीवर खालच्या खणात आहे. भट्टीत नाही ठेवलीस तरी चालेल. त्या नर्सबाईंच्या वाट्या आधी ठेव.

पोरी, कारखान्यात जायचं झालं तर जा. पण माझ्यामुळे गेलीस असं नको होऊ देऊ. ते मला नाही पेलवणार.

मामा

१६ मार्च

प्रिय मामा,

बस खुर्चीत. मामीलाही बसव. पत्र मोठं आहे.

विद्यार्थ्यांना घेऊन आले, भट्टीचं दार उघडलं आणि आतून इतकं पांढरं आलं अंगावर की पोस्टमास्तर म्हणाले, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." मी दात ओठ खात भांडी रचायला घेतली. प्रत्येकाने आपल्या हाताने आपलं भांडं गोळ्यांवर ठेवलं. दोघी बहिणींचे लोटे बोटभर अंतरावर. तुझी बरणी मी रागारागाने हातात घेतली, झाकण उचललं, परत ठेवलं. टक्. पुन्हा उचललं, पुन्हा टक्. मामा, दहा वर्षं शिकलेल्या माणसाचंही असं झाकण बसत नाही. मग मी माझा उंच चंबू आणला आणि तुझ्या बरणीशेजारी ठेवला. राग गेला नव्हता, पण ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भट्टी तापली. आत मातीचे छोटे शंकू ठेवलेले असतात, हवी तेवढी आंच आली की ते माना टाकतात. शंकू वाकले. मी म्हटलं, "चला, मास्क लावा, सोड्याची वेळ झाली." मोठ्या ऐटीत पिंपाचं झाकण उघडलं, आणि पिंपात तळाशी जेमतेम निम्म्या मापाचा सोडा!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाजाराला सुट्टी, भट्टी पेटलेली, एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. शेडबाहेर जाऊन मामीला फोन लावला. ती म्हणते, "अगं, फरशी नाही का धुतली त्यांनी? मी विचारलं, हे कशाला घेताय, तर म्हणाले, धुण्याचाच सोडा आहे, धुतोय." मामा! तिथेच एका उलट्या बादलीवर बसून मी तुझ्या नावाने काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दंतवैद्य सभ्य माणूस आहे, त्याने कान झाकल्यासारखं केलं.

पण भट्टी थांबत नाही ना कुणासाठी. होता तेवढा सोडा गरम पाण्यात विरघळवला. आळीपाळीने सगळ्यांनी फवारला. आत पंपाची फुस्स गेली की भोकातून पांढरा लोट परत यायचा, आणि बहिणींपैकी धाकटी दर वेळी "बापरे" म्हणायची. आत दाराजवळ मातीच्या कड्या ठेवलेल्या असतात, लोखंडी सळईने एकेक ओढून काढायची आणि काच किती चढली ते बघायचं. मधे एक कडी काढली तर कोरडी ठणठणीत. रडू आलं मला. सोडा संपल्यावर दुसरी काढली. पाण्यात बुडवून नर्सबाईंच्या हातात दिली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, ताप उतरलेल्या पोराच्या गालासारखा रंग आहे हो. आता हिला आणखी काही देऊ नका."

देणार कुठून होते म्हणा! पण मी नीट बघितली ती कडी. पातळशी चमक, खाली पिवळसर गुलाबी. माझ्याकडे सोडा असता तर मी आणखी दोन पंप मारले असते, नेहमीच्या मापाने, आणि तो रंग जाड काचेखाली गाडला गेला असता. तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. गेलं वर्षभर मी हेच करत होते! भिंती नऊ वर्षं सोडा पिऊन पिऊन तुडुंब झाल्या होत्या, त्या आतून ओतत होत्या, आणि मी बाहेरून पहिल्या वर्षीचंच माप ओतत होते. तू खरवडलंस तरी विटांच्या अंगात मुरलेला सोडा होताच, म्हणून या वेळी निम्म्यातच भागलं. हात बिघडला नव्हता. भट्टी म्हातारी झाली होती आणि मी तिला तरुणपणीचाच खुराक देत होते. कडी दर भट्टीला डोळ्यांसमोर यायची, ती सांगत होती, पण मी मापावर विश्वास ठेवला.

भट्टी बंद केली. निवायला दोन दिवस लागतात, आधी उघडलं तर भांडी तडकतात. पोस्टमास्तर दर तासाला दाराला हात लावून यायचे. आणि काल उघडली.

मामा, तू असायला हवा होतास. मी तुला नको म्हटलं आणि मग दार उघडताना पहिला तूच आठवलास. सगळं गोड झालं असं नाही. मागच्या कोपऱ्यात वाफ पोचलीच नाही, तिथे दंतवैद्याच्या ताटल्या कोरड्याच राहिल्या. बिचारा म्हणाला, "पुढच्या वेळी मी जाळाजवळ." पण बाकीची भांडी! एका बाजूला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत चमक, फिरवून बघावं तर पिकल्या जर्दाळूचा रंग, त्याच्या कडेला राखी, आणि मधे जिथे शेजाऱ्याचा आडोसा होता तिथे मऊ, कोरडी सावली. नर्सबाईंच्या आठ वाट्यांत एक दुसरीसारखी नाही. बाई त्या ओळीने मांडत होत्या आणि डोळे पुसत होत्या. दोघी बहिणींच्या लोट्यांवर एकमेकींची सावली उमटलीय. कुणाच्या लोट्यावर जास्त चांगली, यावरून लगेच भांडण. मी शेडच्या पायरीवर बसले आणि एकेक भांडं हातात घेऊन नुसती फिरवत राहिले. हे मी केलं नाही, असं वाटत होतं, आणि हेच करायला मी या धंद्यात आले होते हेही आठवत होतं.

रागाने लिहिलेलं पत्र फाडून टाक. विचारलं नाहीस हे चूकच, त्यावर मी ठाम आहे. पण घड्याळात कचरा अडकलाय हे तुला कळलं होतं आणि मला नव्हतं.

तुझी बरणी पार्सलने पाठवलीय, पेंढ्यात गुंडाळून. कारखान्याच्या साहेबांना काय उत्तर दिलं ते बरणीत ठेवलंय.

तुझी भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरी,

पार्सल सकाळी आलं. लेक म्हणाली, "मी उघडते." मी म्हटलं, "हात लावायचा नाही." मामी म्हणाली, "तिकडे भट्टीला हात लावताना नाही आठवलं हे."

बरणी काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. पोरी, ही मी केली? एका अंगाने सोनेरी, दुसऱ्या अंगाने राखाडी, आणि पाठीवर तुझ्या चंबूची उंच मान जशीच्या तशी. माझ्या हातांनी एवढी वर्षं सगळ्या घड्याळांना एकच वेळ दाखवायला लावली. आणि तुझ्या त्या भट्टीत एक भांडं दुसऱ्यासारखं निघत नाही, तरी सगळीच बरोबर! मला तर बुवा हात जोडावेसे वाटले. दुपारभर मी ती फिरवतोय. मामी म्हणते चक्कर येईल, पण तीच मधे मधे येऊन म्हणते, "जरा ही बाजू दाखवा बघू." आम्ही दोघांनी ठरवलंय, सावलीची बाजू भिंतीकडे करायची नाही.

झाकण लगेच उघडलं नाही. धीर होईना. मला वाटलं आत चिठ्ठी असणार, आणि चिठ्ठीत "गेले" असं असलं तर? शेवटी मामीच म्हणाली, "उघडा की, झाकण काय अंडी उबवतंय?" उघडलं. तीन गोळ्यांच्या खुणा आहेत कडेला, पण आवाज तोच, टक्.

आत शेडची किल्ली होती.

मी ती मामीच्या हातावर ठेवली. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. आम्ही उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. वाटेत सोड्याचं पोतं घेतो, माझ्याकडून. फरशी या वेळी नुसत्या पाण्याने पुसेन, आणि भट्टीच्या आत डोकंसुद्धा घालणार नाही. तू सांगशील तेव्हाच छिन्नी उचलीन, सांगशील तेवढ्याच विटा.

आणि हो, कानाचं यंत्र ड्रॉवरमधून काढलंय. नर्सबाई कडी बघून काय म्हणतात ते मला पुढच्या भट्टीला नीट ऐकायचंय.

तुझा मामा